आखीव वही आणि सुटे कागद

गेल्या वर्षीं आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर, मुदत उलटूनही पुस्तकें परत न करणाऱ्या सभासदांची एक यादी लागली. चिटणीस या नात्यानें तिच्याखालीं माझी सही होती. यादींतील चौथें नांव टपालखात्यांतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांचें होतें. दुसऱ्या दिवशीं ते वाचनालयांत आले. रागावले नाहींत, मोठ्यानें बोलले नाहींत. खिशांतून पुस्तक परत केल्याची पावती काढून त्यांनीं ती माझ्यापुढें ठेविली आणि म्हणाले, "गुरुजी, उभ्या नोकरींत लोकांचीं पत्रें ज्याचीं त्याला पोंचविलीं. आतां उतारवयांत माझें नांव या फळ्यावर कां?" मजजवळ उत्तर नव्हतें. पावतीवरील तारीख यादीच्या तारखेपूर्वीं तीन आठवड्यांची होती.

यादी मीं तत्काळ उतरविली आणि त्यांची क्षमा मागितली. परंतु मुळांत ही चूक झाली कशी, याचा उलगडा झाल्यावांचून मला चैन पडेना. यादी संगणकानें काढलेली होती. आणि संगणक चुकत नाहीं, अशी आपल्यांपैकीं पुष्कळांची समजूत असते. शोध घेतां असें आढळलें कीं, आमच्या संगणकांत प्रत्येक सभासदाचें एक स्वतंत्र पान होतें आणि प्रत्येक पुस्तकाचेंही एक स्वतंत्र पान होतें. पुस्तक दिलें कीं तें दोन्ही पानांवर लिहिलें जाई, आणि परत आलें कीं दोन्ही पानांवरून काढलें जाई. त्या दिवशीं पुस्तकाच्या पानावर नोंद झाली, इतक्यांत वीज गेली, आणि सभासदाच्या पानावर नोंद व्हावयाची ती राहून गेली. एकच गोष्ट दोन ठिकाणीं लिहिलेली, आणि दोहोंपैकीं एकच ठिकाण दुरुस्त झालेलें! एका भल्या माणसाच्या माथीं ठपका येण्यास एवढें कारण पुरें झालें.

ही व्यवस्था बसवून देणारा तरुण माझाच जुना विद्यार्थी. त्याला विचारतां तो म्हणाला, "गुरुजी, मीं नोएसक्यूएल पद्धतीचा डेटाबेस घेतला. हल्लीं मोठमोठ्या कंपन्या तोच वापरतात." मीं म्हटलें, "अरे, पण त्या कंपन्यांचें दुखणें आपल्या वाचनालयाला झालें आहे का?" तो हंसला, पण प्रश्न त्याच्याही मनाला लागला. पुढें कांहीं महिने आम्ही दोघांनीं मिळून या विषयाचा अभ्यास केला. मी संगणकशास्त्रज्ञ नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य खडू व हजेरीपट यांच्या संगतींत गेलेलें. परंतु वह्या कशा राखाव्या, हें शाळामास्तराला थोडेंफार कळतें. आणि हा सारा विषय अखेर वह्या राखण्याचाच आहे. म्हणून जें मला समजलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें. ज्यांच्या घरीं दुकान आहे, दवाखाना आहे, एखादी पतपेढी किंवा गृहनिर्माण संस्था ज्यांच्या हातीं आहे, त्या सर्वांना आज ना उद्यां हा प्रश्न पडणार आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. प्रत्येक शाळेंत एक जनरल रजिस्टर असतें. मूल शाळेंत आलें कीं त्याचें नांव, जन्मतारीख, पालकाचें नांव त्यांत लिहितात आणि त्याला एक अनुक्रमांक देतात. हा अनुक्रमांक पुन्हां दुसऱ्या मुलाला मिळत नाहीं. हजेरीपट, फीची वही, गुणांची वही या निरनिराळ्या असतात. परंतु मुलाची जन्मतारीख त्यांपैकीं कोणत्याही वहींत पुन्हां लिहिण्याची आवश्यकता नसते. अनुक्रमांक लिहिला कीं पुरे. जन्मतारीख हवी असेल त्यानें रजिस्टर उघडावें. येथें एक मोठें तत्त्व आहे: एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी, आणि इतरत्र तिचा केवळ निर्देश करावा. हें तत्त्व ज्या शाळेंत पाळलें जात नाहीं, तेथें रजिस्टरांत एक जन्मतारीख, गुणपत्रकांत दुसरी आणि दाखल्यावर तिसरी असा प्रकार होतो. आणि त्याचें प्रायश्चित्त त्या मुलाला पुढें नोकरीच्या वेळीं भोगावें लागतें.

रिलेशनल डेटाबेस म्हणून जो म्हणतात, तो या शहाणपणाचेंच शास्त्रशुद्ध रूप होय. त्याचा जनक एडगर कॉड हा इंग्लंडांत जन्मलेला गणिती. तो अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत काम करी. १९७० सालीं त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वींचीं दफ्तरें बहुधा झाडाच्या फांद्यांप्रमाणें रचलेलीं असत. चंद्रावर माणूस पाठविणाऱ्या अपोलो योजनेंत यंत्रांच्या असंख्य भागांची मोजदाद ठेवण्यासाठीं आयबीएमनें बनविलेली आयएमएस ही व्यवस्था याच जातीची होती. तींत माहिती मिळविण्यास कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जावयाचें, ही वाट कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. आणि रचना बदलली कीं सारे कार्यक्रम पुन्हां लिहावे लागत. कॉडनें सांगितलें कीं, सारी माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. ओळी व रकाने यांपलीकडे वापरणाऱ्याला कांहीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. काय हवें तें त्यानें सांगावें. तें कसें शोधावें हें यंत्रानें पाहावें. या कामगिरीबद्दल त्याला १९८१ सालीं संगणकशास्त्रांतील ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

काय हवें तें सांगण्याची भाषा, म्हणजेच एसक्यूएल, डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस या आयबीएमच्याच दोघां संशोधकांनीं १९७४ सालीं मांडली. या भाषेचें सामर्थ्य एका उदाहरणानें ध्यानांत येईल. समजा, मुख्याध्यापकांनीं विचारलें, "आठवीच्या वर्गांतील ज्या मुलांची फी थकली आहे आणि ज्यांची हजेरीही निम्म्याहून कमी आहे, अशीं मुलें कोणतीं?" हा प्रश्न वह्या आंखतांना कोणाच्याही मनांत नव्हता. तरीसुद्धां अनुक्रमांकाच्या धाग्यानें तीन वह्या एकत्र जोडून उत्तर काढतां येतें. आधीं न सुचलेला प्रश्न मागाहून विचारतां येणें, हा रिलेशनल पद्धतीचा पहिला गुण.

दुसरा गुण याहूनही मोठा. आपण बँकेंत एका खात्यांतून पांच हजार रुपये दुसऱ्या खात्यांत पाठवितों, तेव्हां दोन नोंदी होतात: एकींत वजाबाकी, दुसरींत बेरीज. यांपैकीं एकच होऊन दुसरी राहिली, तर पैसे हवेंत विरून जातील. म्हणून या दोन नोंदी मिळून एकच 'व्यवहार' समजतात. तो पुरा होईल तर सबंध होईल, नाहींतर मुळींच झाला नाहीं असें धरलें जाईल. शिवाय, वहीचे नियम मोडतील अशी नोंद घेतली जाणार नाहीं; एकाच वेळीं दोघे लिहूं लागले तर एकाचें अर्धवट लिखाण दुसऱ्याला दिसणार नाहीं; आणि एकदां पुरा झालेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जाणार नाहीं. अखंडता, सुसंगति, अलगपणा आणि टिकाऊपणा या चार गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ॲसिड हें नांव १९८३ सालीं थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या जर्मन पंडितांनीं रूढ केलें. श्रोतेहो, आमच्या वाचनालयांत त्या दिवशीं वीज गेली तेव्हां नेमकें हेंच संरक्षण नव्हतें. दोन पानांवरील दोन नोंदी एका व्यवहारांत बांधलेल्या असत्या, तर पुस्तक परत घेण्याचें काम मुळींच झालें नाहीं असें संगणकानें सांगितलें असतें, आणि आम्हीं तें पुन्हां केलें असतें.

आतां कोणी विचारील, इतकी उत्तम रीत असतां दुसरी निघाली कां? याचें कारण जगाचा वाढता पसारा. एका यंत्रावर मावेल तोंवर आखीव वही फार चांगली. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं उद्योगांकडे माहितीचा असा लोंढा येऊं लागला कीं, कितीही मोठें यंत्र घेतलें तरी तें पुरेना. मग माहिती शेंकडों लहान यंत्रांवर वांटून ठेवणें भाग पडलें. वही फाडून तिचीं पानें शंभर गांवीं ठेवलीं, म्हणजे तीन वह्या ताडून पाहणें किंवा दोन गांवच्या नोंदी एका व्यवहारांत बांधणें किती जिकिरीचें होईल, याची कल्पना करावी. हें करतां येतच नाहीं असें नव्हे. पण त्याला वेळ लागतो, आणि मधली तार तुटली तर सारेंच अडून बसतें.

या अडचणींतून गूगलनें बिगटेबल नांवाची व्यवस्था रचली व तिचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं, २००७ सालीं, ॲमेझॉन या अमेरिकन व्यापारी कंपनीनें डायनॅमो या आपल्या व्यवस्थेचा निबंध प्रसिद्ध केला. तो मला विशेष उद्बोधक वाटला, म्हणून त्यांतील विचार थोडा विस्तारानें सांगतों.

ॲमेझॉनचें दुकान संगणकावर चालतें. गिऱ्हाईक एकेक वस्तु निवडून आपल्या टोपलींत टाकतें. कंपनीनें असें ठरविलें कीं, यंत्र बिघडो, तारा तुटोत, एखादें सबंध केंद्र वादळांत नष्ट होवो, गिऱ्हाइकाला टोपलींत वस्तु टाकतां आलीच पाहिजे. व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. दुकानाचें दार बंद दिसलें तर गिऱ्हाईक शेजारीं जाईल. म्हणून प्रत्येक टोपलीच्या अनेक नकला निरनिराळ्या यंत्रांवर ठेवल्या. कधींकधीं या नकलांत मेळ राहत नसे. तेव्हां दोन्ही नकला एकत्र करून जें जें दोहोंत असेल तें सर्व ठेवावें, असा नियम केला. याचा परिणाम असा कीं, टोपलींत टाकलेली वस्तु कधीं हरवत नसे; पण काढून टाकलेली वस्तु एखादे वेळीं पुन्हां टोपलींत प्रकट होई! गिऱ्हाइकानें ती पुन्हां काढावी, एवढेंच. हा दोष कंपनीनें जाणूनबुजून पत्करला, कारण त्यानें होणारें नुकसान क्षुल्लक होतें.

या नकलांमागें एक साधें गणित आहे. तें चौथींतल्या मुलालाही कळेल. समजा, प्रत्येक नोंदीच्या तीन नकला आहेत. लिहितांना तिन्हींची वाट न पाहतां दोघांनीं 'लिहिलें' असें कळविलें कीं काम झालें म्हणावयाचें. वाचतांनाही दोन नकला पाहावयाच्या. आतां दोन आणि दोन मिळून चार, आणि नकला तर तीनच. म्हणून वाचलेल्या दोहोंपैकीं निदान एक तरी ताज्या नोंदीची असलीच पाहिजे. एक यंत्र बंद पडलें तरी काम अडत नाहीं. डायनॅमोंत तीन, दोन, दोन हे आंकडे सर्रास वापरले जात. घाई अधिक असेल तर एकच नकल वाचावी. मात्र ती शिळी असण्याचा धोका पत्करावा.

या धोक्याला शास्त्रीय आधार आहे. १९९९-२००० च्या सुमारास एरिक ब्रूअर या कॅलिफोर्नियांतील प्राध्यापकानें एक सिद्धांत सुचविला, आणि २००२ सालीं सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं तो सिद्ध केला. त्याचें मर्म असें. एका पतपेढीच्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्यामधील दूरध्वनीची तार तुटली आहे. अशा वेळीं खातेदार खिडकीशीं येऊन पैसे मागूं लागला, तर कारकुनापुढें दोनच मार्ग उरतात: दुसऱ्या शाखेंतील हिशेब कळेपर्यंत खिडकी बंद ठेवावी, किंवा आपल्यापुढील वहीवर विसंबून पैसे द्यावे आणि हिशेब न जुळण्याचा धोका पत्करावा. तार तुटलेली असतां खिडकीही उघडी आणि हिशेबही बिनचूक, हें दोन्ही एकदम साधत नाहीं. पैशांच्या बाबतींत शहाणा माणूस बहुधा खिडकी बंद करील. टोपलीच्या बाबतींत तो ती उघडी ठेवील. निवड करण्याचें खरें सूत्र हेंच आहे.

नोएसक्यूएल हें नांव मोठें गमतीचें आहे. कार्लो स्ट्रोझी यानें १९९८ सालीं तें आपल्या एका लहानशा डेटाबेसला दिलें. आणि तो डेटाबेस रिलेशनलच होता, फक्त त्यांत एसक्यूएल भाषा नव्हती. २००९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या एका बैठकीपासून तें नांव नव्या पद्धतींच्या सबंध कुळाला चिकटलें. पुढें त्याचा अर्थ 'एसक्यूएल नको' असा न करतां 'केवळ एसक्यूएलच नव्हे' असा करण्यांत येऊं लागला. हा अर्थ मला अधिक समंजस वाटतो. या कुळांत मुख्यतः चार घराणीं आहेत. त्यांची ओळख आपल्या नित्याच्या व्यवहारांतून करून देतों.

पहिलें घराणें टोकनाचें. देवळाबाहेर चपला सांभाळणारा आपल्याला बिल्ला देतो. बिल्ला दाखविला कीं चपला मिळतात. चपला कोणत्या रंगाच्या, कोणाच्या, हें तो पाहत नाहीं. बिल्ला आणि वस्तु, एवढाच संबंध. सॅल्व्हतोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थानें २००९ सालीं काढलेला रेडिस हा या घराण्यांतला. तो माहिती मुख्यतः संगणकाच्या चालू स्मृतींत ठेवतो, त्यामुळें अत्यंत वेगवान असतो. क्षणोक्षणीं लागणारी, पण हरवली तरी पुन्हां तयार करतां येईल अशी माहिती यांत ठेवावी. 'लाल चपला कोणाच्या?' असें मात्र त्याला विचारूं नये.

दुसरें घराणें केसपेपरचें. दवाखान्यांत प्रत्येक रोग्याचा एक कागद असतो, आणि त्या रोग्याचें सारें त्यावर असतें. एकाच्या कागदावर क्षकिरणांचा अहवाल, दुसऱ्याच्या कागदावर केवळ ताप व औषध. सर्वांना एकच आखणी सक्तीची नाहीं. २००९ सालीं आलेला मॉंगोडीबी या प्रकारचा. व्यापाऱ्याच्या मालाच्या यादीला ही रीत फार सोयीची. साडीला लांबी व कांठ, पंख्याला वॅट, पुस्तकाला पृष्ठसंख्या, अशीं ज्याचीं त्याचीं लक्षणें ज्याच्या त्याच्या कागदावर राहतात. एक कागद उचलला कीं सर्व कांहीं हातीं येतें. परंतु 'अमुक औषध कोणाकोणाला दिलें?' या प्रश्नासाठीं आधीं सूची केलेली नसेल, तर एकूणएक कागद चाळावे लागतात; आणि एकच पत्ता शंभर कागदांवर लिहिला असेल, तर तो बदलतांना शंभर कागद दुरुस्त करावे लागतात.

तिसरें घराणें रोजच्या नोंदींचें. हजारों ठिकाणच्या पर्जन्यमापकांचे किंवा विजेच्या मीटरांचे आंकडे दर मिनिटाला येत आहेत. एकदां लिहिलेला आंकडा सहसा बदलावयाचा नाहीं. आणि वाचतांना 'अमुक ठिकाण, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असेंच विचारावयाचें आहे. अशा लिखाणाला कॅसँड्रासारखा डेटाबेस उपयुक्त होतो. तो फेसबुक कंपनींत अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनीं निरोपांच्या पेटींतील शोधासाठीं रचला आणि २००८ सालीं सर्वांना खुला झाला. यांत यंत्रांची संख्या वाढवीत गेलें कीं सामर्थ्यही वाढत जातें. मात्र काय विचारणार हें आधीं ठरवून मगच मांडणी करावी लागते.

चौथें घराणें वंशावळीचें. येथें माणसांपेक्षां माणसांमधील नात्यांना महत्त्व. 'माझ्या मित्राच्या मित्राच्या ओळखीचा पुण्यांत कोणी डॉक्टर आहे का?' असे धाग्यामागून धागा पकडून जाणारे प्रश्न आखीव वहींत विचारतां येतात, पण प्रत्येक पायरीला वही पुन्हां ताडावी लागते. निओफोरजेसारखे डेटाबेस ते धागेच सांठवून ठेवतात, म्हणून तेथें वाट सुलभ होते.

आतां एका गैरसमजाचा परामर्ष घेतों. नव्या पद्धतींत आखणी नसते, म्हणून काम हलकें होतें, असें म्हणतात. हें अर्धसत्य आहे. वहींत आखणी केली नाहीं, तर ती वाचणाऱ्याच्या डोक्यांत करावी लागते. आमच्या वाचनालयाच्या जुन्या नोंदी मीं तपासल्या, तेव्हां एका कार्यकर्त्यानें 'मोबाईल', दुसऱ्यानें 'भ्रमणध्वनि' आणि तिसऱ्यानें 'फोन नं.' अशा तीन नांवांखालीं तीच गोष्ट लिहिलेली आढळली. संगणकाला या तीन निराळ्या गोष्टी वाटल्या. लिहितांना जो त्रास वांचला, तो वाचतांना व्याजासकट द्यावा लागला. शिस्त कोठें तरी हवीच. ती वहींत असावी कीं माणसांत, एवढाच काय तो प्रश्न.

उलट बाजूचाही गैरसमज आहे. रिलेशनल डेटाबेस जुनाट, तो वाढत नाहीं, असें तरुण मंडळी म्हणतात. वस्तुतः आजच्या एका बऱ्या यंत्रावर पोस्टग्रेसक्यूएल किंवा मायएसक्यूएल कोट्यवधि ओळी सहज सांभाळतो. शिवाय दोन्ही पक्ष हळूहळू एकमेकांच्या अंगणांत येत आहेत. पोस्टग्रेसक्यूएलनें २०१४ सालीं आपल्या आखीव वहींतच सुटे कागद नीट सूची करून ठेवण्याची सोय केली. मॉंगोडीबीनें २०१८ सालीं अनेक कागदांवरील नोंदी एका व्यवहारांत बांधण्याची सोय केली. आणि गूगलनें २०१२ सालीं स्पॅनर या व्यवस्थेचा निबंध प्रसिद्ध करून, दूरदूरच्या यंत्रांवर पसरूनही बिनचूक व्यवहार राखतां येतात हें दाखविलें. म्हणून 'जुनें कीं नवें' असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. आपलें काम कसलें आहे, हें विचारावें.

त्यासाठीं मीं पांच प्रश्न योजले आहेत. पहिला: एका घटनेनें एकाहून अधिक नोंदी एकदम बदलतात काय? पैसा, आसनांचें आरक्षण, गोदामांतील माल यांत तसें होतें. तेथें रिलेशनलच घ्यावा. दुसरा: पुढें कोणते प्रश्न विचारले जातील, हें आज ठाऊक आहे काय? नसेल तर आखीव वही बरी. तेच एक-दोन प्रश्न लक्षावधि वेळां यावयाचे असतील तर दुसऱ्या रीतीचा विचार करावा. तिसरा: नोंदींचें स्वरूप एकसारखें आहे, कीं प्रत्येकीचें निराळें? निराळें असेल तर केसपेपर सोयीचा. चौथा: सारी माहिती एका यंत्रावर मावेल काय? आपल्यापैकीं शंभरांत नव्व्याण्णवांची मावते, असें माझें मत आहे. आणि मावत असेल तर ती वांटण्याची यातायात करूं नये. पांचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा: घटकाभर शिळी किंवा चुकीची नोंद दिसली, तर कोणाचें काय बिघडेल? टोपलींत एक वस्तु अधिक दिसली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. रोग्याच्या कागदावर रक्ताचा गट चुकला, तर जीव जाईल.

एकाच संस्थेंत दोन्ही रीति सुखानें नांदूं शकतात, हेंही सांगितलें पाहिजे. मोठ्या दुकानांत पैशांचा हिशेब आखीव वहींत, मालाचें वर्णन सुट्या कागदांवर आणि गिऱ्हाइकाची चालू टोपली टोकनाच्या पेटींत, अशी वांटणी करतात. मात्र प्रत्येक नव्या साधनाबरोबर तें राखणारा माणूसही लागतो. दोन व्यवस्था ठेवल्या तर त्यांच्यांतील मेळ पाहण्याचें तिसरें काम उत्पन्न होतें. लहान संस्थेनें हा खर्च आधीं मोजावा.

आमच्या वाचनालयानें शेवटीं काय केलें, हें सांगून भाषण आटोपतों. आम्हीं तीन कोष्टकें केलीं: सभासद, पुस्तकें आणि देवघेव. सभासदाचा पत्ता एकाच ठिकाणीं, पुस्तकाचें नांव एकाच ठिकाणीं, आणि कोणाकडे काय आहे ही गोष्टही एकाच ठिकाणीं, देवघेवीच्या कोष्टकांत. अनामत रकमेची नोंद व देवघेव एका व्यवहारांत बांधली. यासाठीं एसक्यूलाइट हा रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं काढलेला लहानसा रिलेशनल डेटाबेस घेतला. तो विनामूल्य मिळतो, सारी माहिती एकाच फाइलींत ठेवतो, आणि आपल्या सर्वांच्या खिशांतील मोबाईल फोनांतही तो असतोच. जुन्या दिवाळी अंकांचीं व हस्तलिखितांचीं वर्णनें मात्र आम्हीं सुट्या कागदांच्या रीतीनेंच ठेवलीं, कारण त्यांतील कोणतींही दोन एकसारखीं नाहींत. माझ्या विद्यार्थ्याची पहिली निवड सर्वस्वी चुकली होती असें मी म्हणणार नाहीं. चपलांच्या बिल्ल्यानें बँकेचें काम करूं पाहिलें, एवढाच तिचा दोष. आणि कसलीही चौकशी न करतां यादीखालीं सही केली, हा दोष माझा.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या दिवशीं तीमधून पहिली पावती आम्हीं त्या टपालखात्याच्या वृद्ध गृहस्थांना दिली. त्यांनीं ती घडी घालून खिशांत ठेविली. "पावती जपून ठेवतों हो, गुरुजी," ते म्हणाले. मीं म्हटलें, "अवश्य ठेवा." संगणक कितीही चांगला असो, श्रोतेहो, आपणही ठेवीत जावी.